बिटर्नचा लुकलुकता पडदा

शुक्रवार, ५ फेब्रुवारी १९८२

आजही अंगाला माशाच्या तळणीचा वास येतोय. आमचं ऑफिस मिल रोडवर, फिश अँड चिप्सच्या दुकानाच्या वर आहे. केंब्रिजच्या बुद्धिमत्तेचं भवितव्य सध्या त्याच जळक्या चरबीत तळलं जातंय. माझी बायको हिलरी म्हणते, घरात येण्याआधी कोट बाहेर टांगत जा. कोट टांगून काय होणार? वास डोक्यात शिरलाय.

आजची खरी घाण मात्र दुसरीच. ज्युलियन क्रेसविक, म्हणजे आमच्या कंपनीचा मालक, याने मला न विचारता येत्या रविवारच्या पेपरात अर्धं पान जाहिरात देऊन टाकली. 'बिटर्न! तुमच्या घरचा स्वतःचा संगणक. अठ्ठावीस दिवसांत घरपोच.' फोटोतला बिटर्न लाकडाचा आहे. सुताराने केला आणि त्याच्या बायकोने रंगवला. खऱ्या बिटर्नचा एकसुद्धा सर्किट बोर्ड अजून धड चालत नाही, आणि तो बोर्ड बनवणारा माणूस मी आहे.

"अरे, सगळेच असं करतात माल्कम," ज्युलियन म्हणाला. "आधी जाहिरात, मग चेक, मग यंत्र. या धंद्याची रीतच आहे ती."

"आणि अठ्ठावीस दिवसांनी?"

"अठ्ठावीस दिवसांनी क्षमापत्र. छान कागदावर."

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. बिटर्न हा दलदलीतला पक्षी. तो म्हणे लपून राहतो आणि कोणाला दिसत नाही. ज्युलियनने नाव तरी योग्य निवडलं.

रविवार, १४ फेब्रुवारी

जेवताना पुन्हा तोच तमाशा. आमच्या टॅम्सिनला साताचा पाढा विचारला. नऊ वर्षांच्या मुलीला हे फार नाही. सात चोक अठ्ठावीसपर्यंत नीट आली. मग काट्याला टोचलेला बटाटा हवेतच, तोंड अर्धवट उघडं, नजर माझ्या खांद्यामागच्या भिंतीवर. पापण्या तेवढ्या थरथरत होत्या. मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. शेवटी टेबलावर हात आपटला, तेव्हा ग्रेव्ही सांडली आणि बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "सात पंचे पस्तीस." जणू मध्ये काही घडलंच नाही.

"ही मला खेळवते," मी म्हणालो.

"ती खेळवत नाहीये," हिलरी म्हणाली. "मला डॉक्टरांना दाखवायचंय तिला."

"उद्धटपणावर औषध निघालं का आता?"

हिलरीने टेबलक्लॉथ पुसला आणि ताटं उचलून आत निघून गेली. घरात हल्ली कोणाला काही विचारलं की भिंतीशी बोलल्यासारखं होतं. आईचं पाहूनच मुलगी शिकत असणार.

बुधवार, ३ मार्च

गेथिनशी भांडण. गेथिन प्रॉबर्ट हा आमचा दुसरा इंजिनियर, वेल्सचा, दाढीत कायम बिस्किटाचे कण. आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत, झेड-८० वाले आणि ६५०२ वाले. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि एकाच्या मेंदूवर दुसऱ्याची श्रद्धा बसत नाही. गेथिन झेड-८० चा. त्या प्रोसेसरमध्ये सगळंच आहे, हॉटेलच्या स्वयंपाकघरात चाळीस कढया टांगलेल्या असतात तसं. माझ्या ६५०२ कडे मोजकी भांडी, पण त्यांत सगळं शिजतं. बिटर्नमध्ये ६५०२ घालायचं हे मी भांडून ठरवून घेतलंय.

आजचा वाद पडद्याचा. टीव्हीवर चित्र काढण्यासाठी वेगळी चिप लावा, असं गेथिनचं पालुपद. मी ती चिप काढून टाकली आहे. माझा प्रोसेसर स्वतःच चित्र काढतो. बटण दाबलं की क्षणभर चित्र सोडून बटणाकडे बघतो आणि परत येतो.

"म्हणजे प्रत्येक बटणाला पडदा डोळा मारणार," गेथिन म्हणाला.

"मारू दे. तुझ्याकडे बघून दुसरं कोण मारणार आहे?"

"बघणाऱ्याचं डोकं उठेल रे."

"ज्याला डोकं आहे त्याचं उठेल. आपल्या गिऱ्हाइकांना धोका नाही."

तो हसला. याला अपमान केला तरी हसू येतं, याचा मला फार तिटकारा आहे. पण एक आख्खी चिप वाचवली मी. एवढ्या कमी सामानात चालणारं यंत्र या गावात दुसऱ्या कोणी बनवलेलं नाही, आणि ते कळणारी माणसं अख्ख्या देशात टेबलाभोवती मावतील.

शनिवार, २७ मार्च

बिटर्न चालला! घरी आणून टीव्हीला जोडला. पडद्यावर शब्द उमटले, कॅसेटवरून प्रोग्रॅमसुद्धा चढला, तिसऱ्या प्रयत्नात. रबरी बटणं मात्र किळसवाणी आहेत. बोटाखाली खोडरबर दाबल्यासारखं वाटतं. ज्युलियनने ती कुठल्याशा खेळण्यांच्या कारखान्यातून स्वस्तात उचलली.

लोकांना हे यंत्र कशाला हवं, तर परग्रहावरचे राक्षस मारायला. आलेल्या पत्रांत दुसरा प्रश्नच नाही. गेम आहेत का? किती आहेत? गाढवाला गुळाची चव काय. मी टॅम्सिनला बसवलं, म्हटलं ही तरी काही शिकेल. तिने गणित केलं नाही. ठिपका हलवायचा प्रोग्रॅम होता, तो सुरू करून त्या ठिपक्याला पाणमांजर म्हणायला लागली. एक बटण दाबलं की पाणमांजर एक घर पुढे.

"डॅडी, बोट दुखलं. दाबून धरलं तर ते आपोआप का नाही पळत?"

"कारण ते यंत्र आहे, कुत्रं नाही."

"आजीच्या इलेक्ट्रिक टाइपरायटरवर पळतं की."

प्रश्न बरोबर होता, हे मान्य करायला हवं. मला तो आधी सुचायला हवा होता. वैताग.

रविवार, ४ एप्रिल

सगळा देश टीव्हीसमोर बसून दक्षिण अटलांटिकमधल्या बेटांच्या लढाईसाठी निघायच्या तयारीतल्या बोटी बघतोय. आमचा टीव्ही बिटर्नला जुंपलेला, त्यामुळे निदान आमच्या घरात देशभक्तीची खळखळ ऐकू येत नाही.

बटण दाबून धरण्याची सोय केली. मोजक्या ओळींत बसली, फार सुबक झाली आहे. दाबून धरलं की पाणमांजर पडद्यावर सुसाट पळतं. प्रत्येक पावलाला पडदा जातो-येतो, त्यामुळे सगळी खोली भराभर उजळते आणि विझते. हिलरी दारातूनच म्हणाली, "बंद कर बाई ते, मळमळतंय मला." टॅम्सिन मात्र हसत सुटली. माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली आणि माझ्या कानाशी "अजून जोरात, अजून जोरात" करत राहिली. ती अशी येऊन बसल्याला बराच काळ झाला असावा.

मी हे तिच्यासाठी केलं असा कोणी समज करून घेऊ नये. चांगल्या यंत्रात ही सोय हवीच.

गुरुवार, २२ एप्रिल

बिटर्नचा मूळ प्रोग्रॅम आज चिपच्या कारखान्याकडे रवाना झाला. आता तो सिलिकॉनमध्ये कायमचा कोरला जाईल, हजारोंच्या संख्येने. कोरल्यावर खोडता येत नाही. नव्याने कोरायचा तर पुन्हा तीन महिने थांबायचं. ज्युलियनने शॅम्पेन आणली, ती कोमट होती, आणि प्यायलो चहाच्या मगांतून. मगांना आतून तपकिरी थर.

संध्याकाळी शाळेत पालकांची भेट. मिसेस ऑलरेनशॉ, टॅम्सिनच्या बाई. त्यांच्या कार्डिगनवर खडूचे डाग आणि चेहऱ्यावर दयाळूपणा, दोन्ही न पुसणारे.

"टॅम्सिन हुशार आहे, पण मधूनमधून हरवते," त्या म्हणाल्या. "मी वाक्य सांगते तेव्हा अर्धंच लिहिते आणि पुढचं तिने ऐकलेलंच नसतं."

"लक्ष नसतं तिचं. तुम्ही दटावत का नाही?"

"दटावून पाहिलं मिस्टर पास्क. त्या वेळी तिला ऐकू येतं असं मला वाटत नाही."

शिकवता येत नाही, मग मुलीला ऐकू येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. गाडीत हिलरी म्हणाली, "तू त्यांचं बोलणं ऐकलंस तरी का?" मी म्हटलं, ऐकलं म्हणूनच चिडलो. तिने खिडकीची काच खाली केली.

शनिवार, १२ जून

टॅम्सिनला फिट आली. आता हॉस्पिटलात आहे. हिलरी तिथेच राहिली. मला घरी पाठवलं.

दुपारी ती पाणमांजर खेळत होती. पडदे ओढलेले होते, ऊन टीव्हीवर पडू नये म्हणून. मी ओढले होते. मी शेजारच्या खोलीत होतो. खुर्ची पडल्याचा आवाज आला. ती जमिनीवर होती, अंग ताठ, मग झटके. तोंडातून फेस. यंत्र तिच्याबरोबर खाली आलं होतं, एक बटण तिच्या कोपराखाली दाबलं गेलं होतं आणि पडदा लुकलुकतच होता. हिलरी धावत आली आणि तिने भिंतीतून वायर उपटली. मला ते सुचलं नाही.

हिलरी म्हणते, मी "यंत्र सांभाळ" असं ओरडलो. मला आठवत नाही. ओरडलो असेन.

बुधवार, १६ जून

डॉ. फेन्विक नावाच्या बाई आहेत. डोकं पिंजारलेलं, पण प्रश्न सरळ. टॅम्सिनच्या डोक्याला तारा लावून समोर एक दिवा लुकलुकवला, कमी-जास्त वेगाने. दिवा एका वेगाला आला तशा कागदावरच्या रेषा पिसाळल्या आणि त्यांनी ताबडतोब दिवा बंद केला. मी वेग विचारला. त्यांनी सांगितला. माझ्या बटणाचा साधारण तोच आहे.

मग त्यांनी विचारलं, "ती मधेच थांबते का? टक लावते, पापण्या थरथरतात, मग काही न झाल्यासारखी पुढे बोलते?"

"दोन वर्षं," हिलरी म्हणाली. "दिवसातून कितीतरी वेळा."

"तोसुद्धा अपस्माराचा झटकाच असतो. तेवढा वेळ मूल तिथे नसतंच. दटावणारे दटावतात, त्याला ऐकूच येत नाही. औषधाने बराच फरक पडेल."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. हिलरी बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना मी विचारलं, यंत्रामुळे झालं का हे? त्या म्हणाल्या, "आजार तिच्यात होताच. पडद्याने तो वर आणला, इतकंच." हे ऐकून मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. माझी मुलगी आत तारांचा डिंक केसांतून काढून घेत बसली होती आणि मला माझ्या बोर्डाबद्दल हायसं वाटलं. चिप्सच्या तेलाचा वास बरा म्हणायचा, तो निदान धुतला जातो.

शुक्रवार, १८ जून

ज्युलियनला सगळं सांगितलं. मूळ प्रोग्रॅम बदलायला हवा, दाबून धरायची सोय काढायची, चिप नव्याने कोरायची.

"तीन महिने!" तो म्हणाला. "म्हणजे सप्टेंबरचं लंडनचं संगणक-प्रदर्शन गेलं, ख्रिसमस गेला, आणि आपण गेलो. लोक फेब्रुवारीपासून थांबलेत माल्कम."

"ते तुझ्या लाकडी खोक्याची वाट बघतायत."

"हे बघ, टॅम्सिनचं ऐकून मला फार वाईट वाटलं. फुलं पाठवलीत मी. पण तुझी डॉक्टरच म्हणाली ना, आजार आधीपासून होता? हजारात एखादं मूल असतं तसं."

"आपण हजारोंनी विकणार आहोत."

डॉक्टरांचंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं. दोन दिवसांपूर्वी त्याच वाक्याने मी सुखावलो होतो. शेवटी तो म्हणाला, पुस्तिकेत एक ओळ घालू, ठळक अक्षरांत: लुकलुकत्या पडद्याचा त्रास होणाऱ्या मुलांना बसवू नका. मी होकार दिला. का दिला? नोकरी, घर, वगैरे. आणि बोर्ड चांगला आहे म्हणून. हे शेवटचं कारण लिहिताना लाज वाटते, पण तेच पहिलं होतं.

घरी हिलरी टॅम्सिनच्या खोलीत झोपते. तिच्यावर लक्ष ठेवायला, असं म्हणते.

मंगळवार, २० जुलै

गेथिन घरी आला होता. मी बोलावलं नव्हतं. टॅम्सिनसाठी लाकडाचं खरंखुरं पाणमांजर कोरून आणलं होतं, नाक जरा वाकडं. ती औषधाने सुस्त असते, पण हसली. सोफ्यावर बिस्किटाचा चुरा करून तो तासभर बसला. मी म्हटलं, "बोल आता. मी सांगितलं होतं म्हण."

"कशाला? चहा आहे का अजून?"

त्याने म्हटलं असतं तर मला त्याचा राग करता आला असता. तेवढंही सुख देत नाही हा माणूस. जाताना दारात म्हणाला, "बोर्ड देखणा आहे माल्कम. मी खोटं सांगणार नाही."

सोमवार, ६ सप्टेंबर

पुस्तिका छापून आल्या. माझी ओळ नाही. ठळकही नाही, बारीकही नाही. पान चारवर हे आहे: 'बटण दाबून धरा आणि गंमत पाहा!' शेजारी हसणाऱ्या मुलाचं चित्र.

"छापखान्यात राहून गेलं असेल," ज्युलियन म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

मी तिथे ओकलो नाही एवढंच. गल्लीत जाऊन ओकलो. चिप्सवाला बाहेर उभा होता. त्याने पाण्याचा ग्लास आणून दिला, तोही तेलकट.

शनिवार, ११ सप्टेंबर, लंडन

प्रदर्शन. सभागृहात इतकी गर्दी की भिंतींना घाम फुटलेला. सगळीकडे ओल्या रेनकोटांचा वास आणि गेममधल्या लेझर बंदुकांचे चिरके आवाज. आमच्या टेबलावर तीन बिटर्न, चादरीच्या खाली त्यांना थंड ठेवणारे पंखे. ज्युलियनने गळ्यात पक्ष्याच्या चित्राचा टाय घातला होता. मला त्याने आणलं होतं 'निर्माता' म्हणून दाखवायला.

मी एका खुर्चीवर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगायला लागलो: या यंत्राचं बटण दाबून धरू नका, पडदा वेगाने लुकलुकतो, काही मुलांना झटके येतात, माझ्या मुलीला आला. पहिल्यांदा लोकांना वाटलं ही जाहिरातच आहे. कोणीतरी टाळी वाजवली. एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "ते असू द्या हो, गेम किती आहेत?" मी पुन्हा सांगितलं, अगदी टॅम्सिन टक लावायची तिथपासून. मग हळूहळू टेबलासमोरची जागा मोकळी झाली.

ज्युलियनने मला कोपराला धरून खाली ओढलं. "वेडा झालास? तुझंच यंत्र आहे हे!"

"म्हणून तर सांगतोय."

"मग तू आता कंपनीत नाहीस."

"फुलं पाठव," मी म्हणालो. त्याच्या जवळ गेल्यावर वास आला. इतकी वर्षं ज्या तळणीच्या वासाला मी शिव्या दिल्या, तो त्याच्या महागड्या टायलाही होता. माझ्याही कोटाला होताच. दोघे एकाच कढईतले.

बाहेरच्या पायऱ्यांवर कोट खांद्यावर टाकून बसलो. टेबलापाशी असलेल्या गेथिनने आत तिन्ही यंत्रांच्या वायरी काढल्याचं नंतर कळलं. तोही आता बेकार आहे. मी पायऱ्यांवर बसलेला असताना एक बाई माझ्यामागून आल्या. चाळिशीच्या, उत्तर इंग्लंडमधल्या लँकशरच्या बोलीच्या, हाताला दहा-एक वर्षांचा मुलगा. त्याने नवा टीशर्ट घातला होता आणि जाणाऱ्या बसकडे बघत होता.

"आत तुम्हीच बोलत होता ना?" त्यांनी विचारलं. "ते झटक्याचं नाही. त्याआधी म्हणालात ना, मुलगी टक लावायची. ते कसं दिसतं?"

मी सांगितलं. काटा हवेत थांबतो. तोंड जरा उघडं राहतं. नजर तुमच्यामागे कुठेतरी. पापण्या बारीक थरथरतात. हाक मारली तर येत नाही, आणि आली की सोडलेल्या शब्दापासून पुढे बोलते. मी फार तपशिलात सांगत होतो. इतकं नीट मी कधीच काही पाहिलं नव्हतं, आणि इतकं चुकीचंही.

बाई मुलाकडे न बघता ऐकत होत्या.

"तुम्हाला लगेच कळलं असेल," त्या म्हणाल्या. "शिकलेले आहात."

"नाही. मी तिला उद्धट म्हणायचो. अंगावर ओरडायचो."

त्यांनी मुलाचा हात दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "आम्ही मारतो."

मी त्यांना डॉ. फेन्विकचं नाव सांगितलं. दोघांकडेही पेन नव्हतं, म्हणून त्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केलं. मग मुलालाही म्हणायला लावलं.